जे विकायला नाही, ते आधी लिही

अनेक आशीर्वाद.

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, योग्याकार्ता प्रांतात असलेल्या न्गलांगेरान गावाच्या माहितीपुस्तिकेचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर ‘दडलेला स्वर्ग’ आणि ‘गुंतवणुकीच्या अमर्याद संधी’ आलंय, ते आधी काढ. 2021 साली जागतिक पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन-गावं म्हणून जगातली 44 गावं निवडली. तेलंगणातलं पोचमपल्ली त्या यादीत होतं, तसं हेही होतं. तेव्हा गाव दडलेलं नाही. आणि संधी अमर्याद तर मुळीच नाही, ती कुठे संपते हे सांगणं हेच तुझं काम. गावात काय विकायला नाही ते आधी लिही. पाहुणा असो की पैसेवाला, दोघांना खरी गरज त्याचीच असते.

सुरुवात जमिनीपासून कर. इंडोनेशियाचा जमीन कायदा 1960चा आहे. परदेशी माणसाला तिथे जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. ठरावीक मुदतीचा वापरहक्क मिळतो. परकीय भांडवलाची कंपनी रीतसर नोंदवली, तर तिला बांधकामाचा हक्क मिळू शकतो, तोही मुदतीचाच. अशा कंपनीसाठी किमान गुंतवणूक दहा अब्ज रुपियांच्या वर लागते, म्हणजे आपल्या पाच कोटींच्या पुढे. पुण्या-मुंबईचा कुणी हौशी माणूस ‘चार खोल्यांचं होमस्टे काढतो’ म्हणत येईल, त्याला हा आकडा पहिल्याच पानावर दिसला पाहिजे. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगतो, ‘इथल्या माणसाच्या नावावर घेऊन टाका.’ आपल्याकडे ज्याला बेनामी म्हणतात, तेच हे. तिथल्या कायद्यापुढे ते टिकत नाही: व्यवहार रद्द होतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. शेतकरी दाखल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तो हेही समजून घेईल, फक्त गोलगोल लिहू नकोस.

गावाच्या सामायिक जमिनीचं प्रकरण आणखी नाजूक आहे. योग्याकार्ता प्रांताला 2012च्या खास कायद्याने वेगळा दर्जा आहे. तिथे सुलतानाच्या गादीचा जमिनीवरचा हक्क मान्य आहे आणि सुलतान हामेंगकुबुवोनो दहावे हेच प्रांताचे राज्यपालही आहेत. गावाची जमीन भाड्याने घ्यायची, तरी राज्यपालांची परवानगी लागते. शेजारच्या स्लेमान जिल्ह्यात 2023 साली अशाच जमिनीच्या गैरवापरावरून फौजदारी खटला उभा राहिला. ‘सरपंच आपले आहेत, होऊन जाईल’ असं कुणी म्हणालं, तर ते वाक्य पुस्तिकेच्या आसपासही फिरकू देऊ नकोस.

आता डोंगर. तू लिहिलंयस, सहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी. हा आकडा गावातल्या फलकांवर आणि पत्रकांवर सर्रास दिसतो, म्हणून तुझा दोष नाही. पण भूशास्त्रज्ञ न्गलांगेरानचा खडक मायोसीन काळाच्या सुरुवातीचा मानतात, म्हणजे साधारण दोन कोटी वर्षांच्या आसपासचा. तेवढं वय पुरे झालं की! पाहुण्याला आकड्यापेक्षा खडक दाखव. ज्वालामुखीतून उडालेले धोंडे राखेत रुतून एकजीव झालेत, त्यातले काही हाताच्या मुठीएवढे, काही खोलीएवढे. दोन कड्यांमधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की पाठीवरची सॅक काढून हातात धरावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि अंगाने भरलेल्यांनी वर चढताना विचार करावा, हे स्पष्ट लिही. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा दगड निसरडा असतो. विमानतळ योग्याकार्ता शहराच्या पश्चिमेला आणि गाव आग्नेयेला डोंगरात, हेही सांग. नाहीतर ‘योग्याकार्तापासून पंचवीस किलोमीटर’ वाचून लोक उतरल्यावर तासाभरात पोचायची गणितं मांडतात.

ज्या गोष्टीसाठी मला हे गाव मनापासून आवडतं, तिला तू दोनच ओळी दिल्या आहेस. हे सगळं उभं केलं ते गावातल्या तरुणांच्या मंडळाने. सुरुवात उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावण्यापासून झाली. पुढे नाव झालं, गर्दी वाढली, 2014 साली वर्षाकाठी तीन लाखांवर माणसं येऊ लागली. कचरा, धूप, आवाज, सगळं आलं. तेव्हा त्यांनी तिकीट वाढवलं आणि माणसं मुद्दाम कमी केली. मुक्कामाला राहणाऱ्या, शेतात येणाऱ्या, शिकायला येणाऱ्या पाहुण्यावर भर दिला. माणसं निम्म्याच्या आसपास आली आणि उत्पन्न मात्र वाढलं. कोकणातल्या किती गावांनी हा निर्णय घेतला असता, सांग! गुंतवणूकदाराला हे ठळक दिसू दे. म्हणजे ‘पर्यटकसंख्या दुप्पट करू’ असा प्रस्ताव घेऊन येणारा दारातूनच परत फिरेल.

डोंगरावर कांपुंग पितु म्हणून वस्ती आहे. तिथे सातच कुटुंबं राहायची, असा जुना दंडक आहे. त्याहून जास्त झाली, तर कुणीतरी खाली येऊन राहतं. तिचं वर्णन बेताने कर. ती माणसांची घरं आहेत. तुझ्या मसुद्यात ‘अवश्य पाहावे’च्या यादीत ती तलावाच्या शेजारी आली आहे, तिथून काढ. जायचं तर गावातला माणूस सोबत घेऊन, अंगणात थांबून, विचारून. फोटो त्यानंतर.

पैसा घालण्याजोगं खरं काय आहे, तेही सांगतो. गाव ज्यात येतं तो पातुक हा भाग गुनुंगकिदुल जिल्ह्यातलं कोकोचं आगर आहे. इंडोनेशियात बहुतेक शेतकरी कोकोच्या बिया न आंबवताच वाळवून विकतात, कारण आंबवायला पाच-सहा दिवस जातात आणि व्यापारी त्याचा वेगळा भाव देईलच असं नाही. गावात चॉकलेट बनवायला लागल्यापासून तो भाव गावातच देता येण्याची सोय झाली. तिथे गेल्यावर वाळलेली एक बी मागून घे आणि सुरीने उभी काप. आत तपकिरी रंग आणि भेगा दिसल्या तर नीट आंबली आहे, जांभळट आणि घट्ट असेल तर नाही. मूठभर बिया कापून बघ आणि जे दिसेल ते लिही. आंबवण्याच्या लाकडी पेट्या, वाळवणीचं छप्पर, थंड साठवण, अशा कामांना भांडवल लागतं आणि त्यासाठी कुणाची जमीन जात नाही. शेळीच्या दुधाचंही तसंच. त्या लांब कानांच्या शेळ्यांचं कूळ आपल्याकडच्या जमनापारीचं, यमुनाकाठच्या इटाव्याचं. डचांच्या काळात ती जावात गेली. भारतीय वाचकाला हे सांगायला हरकत नाही, तो खुश होईल.

डोंगरमाथ्यावरचा तलाव 2013चा, खालच्या दुरियन आणि लोंगान या फळांच्या बागांसाठी बांधलेला. संध्याकाळी तिथे सूर्यास्त बघायला गर्दी असते, पण पाणी बागांचं आहे. उद्या कुणी तिथून हॉटेलला नळ मागेल, त्याचं उत्तर आजच छापून ठेव.

आणखी एक गाव बघून ये, क्लातेनजवळचं पोंगोक. तिथे झऱ्याच्या कुंडात लोक पाण्याखाली फोटो काढायला येतात. ते ठिकाण चालवते गावाच्याच मालकीची कंपनी, 2009ची. गावांना अशा कंपन्या काढण्याचं बळ देणारा कायदा 2014चा, म्हणजे हे त्याच्याही आधीचं. गावकऱ्यांनी स्वतःचे पैसे त्यात भाग म्हणून घातले आहेत. बाहेरच्या गुंतवणूकदाराने बसायचं तर या माणसांच्या शेजारी बसायचं, हे त्याला तिथे गेल्यावर कळतं. तुझ्या पुस्तिकेत ‘भागीदार कोण’ असं एक पान हवंच: गावाची कंपनी कुणाची, हिशेब कुठे लावतात, घरोघरी पाहुणे पाठवताना पाळी कशी ठरते. ही उत्तरं तुला कार्यालयात मिळणार नाहीत, स्वयंपाकघरात मिळतील. ज्या बाईच्या घरी उतरशील, तिलाच विचार की मागच्या महिन्यात किती पाहुणे आले आणि तिच्या हातात किती पडले.

छापण्याआधी मसुदा गावाच्या बैठकीत वाचून दाखव, इंडोनेशियनमध्ये, आणि जमल्यास जावानीज बोलणारा कुणी सोबत ठेव. तोंडावर ‘नाही’ म्हणायची तिथे रीत नाही. सगळे हसून मान डोलावतील आणि तुला वाटेल, झालं. दोन दिवस थांब. संध्याकाळी चहाला एकेकाकडे जा. कुठल्या ओळीवर माणूस गप्प झाला, ते लक्षात ठेव आणि ती ओळ पुन्हा लिही.

आणि हो, विमानतळावर मिळणारा व्हिसा तीस दिवसांचा, एकदाच वाढतो, आणि त्यावर काम करता येत नाही. तुझ्या कंपनीने काहीही सांगितलं तरी कामाचा रीतसर परवाना हातात आल्याशिवाय सही-शिक्क्याची कामं करू नकोस. दुसरा मसुदा झाला की पाठव. जमिनीचं पान आधी पाठवलंस तरी चालेल.

कळावे.