खांब नंतर, आधी तळ बघा

तुम्ही विचारलंय की आठवीतल्या मुलीला स्तंभालेख काढता येतो पण वाचता येत नाही, तर सुरुवात कुठून करावी. तळापासून. उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल, तर खांबांच्या उंचीवर काडीचाही विश्वास ठेवायचा नाही.

मी सोसायटीची खजिनदार होते. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी पडद्यावर टँकरच्या खर्चाचा स्तंभालेख लावला. आदल्या वर्षी ४ लाख २० हजार, माझ्या वर्षी ४ लाख ६०. आणि अक्ष सुरू कुठून? ४ लाखांपासून! म्हणजे आधीचा खांब २० हजारांचा, माझा ६० हजारांचा. बरोब्बर तिप्पट. शाळेत अक्ष तोडला की नागमोडी खूण काढायला लावतात, तीही नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, “वहिनी, सगळं पाणी तुम्हीच प्यायलात की काय?” झाला हशा. खरी वाढ साडेनऊ टक्के, तीही टँकरचा दर वाढला म्हणून. व्हाउचरं घेऊन उभी राहिले तोवर चहा आला. चहा आल्यावर हिशेब कोण ऐकतो! घरी आल्यावर आमचे हेसुद्धा, “पण तिप्पट कसं गं झालं?” तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस.

तर मुलीला २०११च्या जनगणनेतली साक्षरता द्या: महाराष्ट्र ८२.३४ टक्के, गुजरात ७८.०३. एकदा शून्यापासून काढू दे, एकदा ७५ पासून. दुसऱ्या चित्रात गुजरातचा खांब महाराष्ट्राच्या निम्म्यालाही पोचणार नाही. आकडे तेच. शतमान स्तंभालेखात, म्हणजे खांबाचे भाग टक्क्यांत दाखवतात त्यात, तर सगळेच खांब १०० चे, त्यावरून एकूण संख्या कुठे जास्त हे कळतच नाही, हेही तिला सांगा.

हो, हा नियम रेषालेखाला लावू नका, तिथे खांबाची उंची नाही, रेषेचा चढउतार बघायचा असतो. तापाचा तक्ता शून्यापासून कोण काढतं? आणि भाच्याने नंतर दाखवलं की आकडे जवळजवळचे असले तर एक्सेल आपणहूनच अक्ष शून्याऐवजी वरच्या आकड्यापासून सुरू करतं. म्हणजे सेक्रेटरींनी मुद्दाम केलं नसेलही. पण लावण्याआधी बघायला नको? स्वतः इंजिनिअर आहेत.

मी शून्यापासून काढलेला आलेख सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. दोन अंगठे आले. त्यातला एक आमच्या ह्यांचा.