वाचकांचे प्रश्न: प्रेसिडेन्शियल डिबेट बघून नक्की मिळतं काय?

प्रश्न: २०१६ ला हिलरी क्लिंटन डिबेट जिंकल्या असं सगळे पोल सांगत होते, निवडून आले ट्रम्प. २०२४ ला कमला हॅरिस सरस ठरल्या म्हणाले, परत ट्रम्पच आले. मग अमेरिकेतल्या या डिबेट्सचा उपयोग काय? माझं तर मत झालंय की हा सगळा टीव्हीवाल्यांचा धंदा आहे.

उत्तर: धंदा आहेच हो. २०१६ ची पहिली डिबेट ८ कोटी ४० लाखांच्या आसपास लोकांनी टीव्हीवर बघितली, असे आकडे बघून कुठल्या चॅनलच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. पण डिबेट कोण जिंकलं आणि निवडणूक कोण जिंकलं हे जुळलं नाही, म्हणजे डिबेट फुकट गेली, हे काही मला पटत नाही. तसं बघितलं तर न जुळण्याची उदाहरणं अजून देतो. २००४ ला बहुतेक पोल्समध्ये जॉन केरी बुशपेक्षा चांगले बोलले असं आलं, हरले. २०१२ ला डेन्व्हरच्या पहिल्या डिबेटमध्ये ओबामा इतके ढेपाळलेले दिसले की त्यांचेच लोक डोकं धरून बसले, तरी निवडून तेच आले. डिबेट बघायला बसणारा बहुतेक माणूस मत आधीच ठरवून बसलेला असतो, आपल्या माणसाने टोला हाणला की खूश, समोरच्याने हाणला की मॉडरेटर विकला गेलाय. त्यात आता मतदान आधीपासूनच सुरू होतं, २०२० ची शेवटची डिबेट २२ ऑक्टोबरला झाली तोपर्यंत चार कोटींहून जास्त लोक मत देऊन मोकळे झाले होते, त्यांच्यासाठी ती निव्वळ करमणूक.

मग मी तरी का बघतो? कारण बाकी अख्ख्या प्रचारात हा माणूस एकटा कुठे दिसतच नाही. भाषण दुसऱ्याने लिहिलेलं, समोर टेलिप्रॉम्प्टर, जाहिरात कापून जोडून चकचकीत केलेली, मुलाखत द्यायची तर आपल्याच बाजूच्या चॅनलला. डिबेटमध्ये मात्र दीड तास उभं राहायचं, लिहून आणलेला कागद नाही, कानात सांगणारं कुणी नाही, आणि बाजूलाच तो माणूस ज्याला तुमची फजिती झालेली हवी आहे. धोरण वेबसाइटवर वाचता येतं, माणूस दबावाखाली कसा वागतो हे कुठल्या वेबसाइटवर वाचणार?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २७ जून २०२४ चं, अटलांटाचं. सीएनएनचा स्टुडिओ, प्रेक्षक नाहीत, ज्याची पाळी नाही त्याचा माईक बंद, मधल्या ब्रेकमध्येसुद्धा आपल्या टीमशी बोलायचं नाही. समोर ट्रम्प, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन ८१ वर्षांचे, आवाज बसलेला, मधेच वाक्य हरवत होतं. वयाची कुजबुज आधीपासून होतीच, पण व्हाइट हाऊसची माणसं ती झटकून टाकायची आणि लोकांकडे स्वतः खात्री करून घ्यायचा मार्ग नव्हता. त्या रात्री पाच कोटींवर लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि २१ जुलैला बायडन रेसमधून बाहेर पडले. आता यात डिबेट कोण जिंकलं हा प्रश्नच गौण झाला ना? माझ्या मते इथे खरा फरक तारखेने पडला. सहसा या डिबेट्स सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात, ही जूनमध्ये झाली, बायडन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन, जिथे उमेदवारावर शिक्कामोर्तब होतं, ते ऑगस्टमध्ये होतं, म्हणून पक्षाला उमेदवार बदलता आला. हेच ऑक्टोबरमध्ये उघड झालं असतं तर नुसतं हळहळत बसायचं. म्हणून मला विचाराल तर निदान एक डिबेट अधिवेशनांच्या आधी व्हायलाच पाहिजे, ऑक्टोबरमधल्या एक-दोन कमी झाल्या तरी चालतील.

प्रश्न: १९६० ला रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी, हे खरं आहे की दंतकथा?

उत्तर: अर्धं अर्धं. २६ सप्टेंबर १९६०, शिकागो, टीव्हीवरची पहिली प्रेसिडेन्शियल डिबेट. निक्सन गुडघ्याच्या इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलमध्ये राहून आलेले, वजन उतरलेलं, चेहरा पांढराफटक, नीट मेकअप करून घ्यायला तयार नाहीत, दाढीची सावली लपवायला नुसती पावडर लावली. केनेडी बाजूला एकदम ताजेतवाने. इथपर्यंत सगळं खरं. पण रेडिओवाली गोष्ट ज्या सर्व्हेवर उभी आहे त्यात रेडिओ ऐकणारे लोक अगदी थोडे होते आणि ते आधीपासून कुणाच्या बाजूचे होते हेही नीट तपासलेलं नव्हतं, त्यामुळे तो पुरावा म्हणून कच्चाच. गंमत म्हणजे २००३ मध्ये जेम्स ड्रकमन नावाच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने हीच डिबेट नव्या लोकांना दाखवून आणि ऐकवून बघितली, आणि चित्र बघणाऱ्यांचा कल खरंच केनेडींकडे जास्त निघाला, शिवाय त्यांनी माणसाच्या व्यक्तिमत्त्वाला जास्त वजन दिलं. म्हणजे गोष्ट ज्या सर्व्हेवरून पसरली तो लंगडा, पण गोष्टीत तथ्य आहे. मात्र लगेच असं म्हणू नका की केनेडी टीव्हीमुळेच निवडून आले. पावणेसात कोटींच्या वर मतदानात दोघांमधलं अंतर सव्वा लाखाच्याही आत होतं, एवढ्या निसटत्या निकालाचं श्रेय हवं त्याला देता येतं.

प्रश्न: हे सगळं ठरवतं कोण? आणि तिसरा उमेदवार कधीच का दिसत नाही?

उत्तर: कायद्याने डिबेट बंधनकारक नाही, उमेदवार तयार असतील तर होते. १९६० नंतर १९६४, ६८, ७२ ला झालीच नाही. एक तर सगळ्या उमेदवारांना सारखा वेळ द्या असा ब्रॉडकास्टिंगचा नियम होता, १९६० पुरता तो बाजूला ठेवला होता, आणि दुसरं म्हणजे पुढे असलेल्याला उगाच धोका कशाला घ्यायचा असं वाटायचं, निक्सन तर पोळलेलेच होते. १९७५ ला नियम सैल झाला आणि ७६ पासून लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था डिबेट्स भरवायला लागली. १९८८ ला दोन्ही पक्षांच्या प्रचारवाल्यांनी आपापसात अटी ठरवल्या, प्रश्न विचारणारे कोण, समोर प्रेक्षक कोण, सगळं, आणि लीगला सांगितलं की घ्या, सही करा. लीगने ही मतदारांची फसवणूक आहे म्हणत अंग काढून घेतलं. मला या सगळ्या इतिहासात त्यांचा हा नकार फार आवडतो. नंतर कारभार डिबेट कमिशनकडे गेला, त्याला जन्म दोन्ही पक्षांनीच दिलेला.

तिसऱ्याचं म्हणाल तर १९९२ ला रॉस पेरो स्टेजवर होते आणि त्यांना जवळपास १९ टक्के मतं पडली. २००० पासून नियम आला की राष्ट्रीय पोल्समध्ये १५ टक्के असतील तरच स्टेजवर जागा, आणि तेव्हापासून तिसरं कुणी आलेलं नाही. टीव्हीवर दिसल्याशिवाय १५ टक्के होत नाहीत आणि १५ टक्के झाल्याशिवाय टीव्हीवर दिसत नाही, बसा आता. २०२४ ला तर कमिशनलाही बाजूला सारून उमेदवारांनी थेट चॅनल्सशी ठरवलं. नियम चांगले निघाले हे खरं, पण ज्याची परीक्षा त्यानेच पेपर काढायचा हे मला बरं वाटत नाही.

प्रश्न: दीड तास कुणाला वेळ असतो, दुसऱ्या दिवशी क्लिप्स बघितल्या तर चालणार नाही का?

उत्तर: नाही चालणार. ६ ऑक्टोबर १९७६ ला कार्टर यांच्याशी डिबेट करताना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड बोलून गेले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, प्रश्न विचारणाऱ्याने आश्चर्याने परत विचारलं तरी ते ठाम. पण डिबेट संपल्या संपल्या ज्यांना विचारलं त्यांच्यात बऱ्याच जणांना फोर्डच बरे वाटले होते! मग पेपर आणि टीव्हीवर दिवसभर त्याच वाक्याचं दळण सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत लोकांचं मत पार कार्टरकडे फिरलं. चूक फोर्डची होतीच, पोलंडवर कुणाचं राज्य होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण बघताना स्वतःला काय वाटलं ते एका दिवसात पुसलं गेलं. आणि तेव्हा तर फोनमध्ये क्लिप्स नव्हत्या. आता वीस सेकंदांचा तुकडा तुमच्यापर्यंत येतो तो कुणीतरी निवडलेला असतो, वर हसण्याचा इमोजी लावून. अख्खी बघा, आणि संपली की चॅनलवरची चर्चा सुरू व्हायच्या आत टीव्ही बंद करा.

प्रश्न: जुन्यांपैकी एकच बघायची तर कुठली?

उत्तर: बहुतेक लोक १९८० ची रीगन-कार्टर सांगतील, ‘चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का’ हा प्रश्न त्यातलाच. मी १५ ऑक्टोबर १९९२ ची रिचमंडची सांगेन. त्यात पत्रकार नाही, साधे मतदार प्रश्न विचारतात. एक जण सरळ म्हणतो की चिखलफेक बंद करा आणि आमच्या गरजांबद्दल बोला. मग एक बाई विचारतात की देशावरच्या कर्जाचा तुम्हाला स्वतःला काय त्रास झाला. थोरले बुश याच सुमाराला घड्याळ बघताना कॅमेऱ्यात सापडले, प्रश्न त्यांना नीट कळलाच नाही, मला समजलं नाही असंही म्हणाले. बिल क्लिंटन चार पावलं पुढे येऊन त्या बाईंनाच उलट विचारतात की तुमच्यावर काय परिणाम झाला. क्लिंटन यांच्या बोलण्यातली सराईत गोडी मला थोडी खटकते, तरी तो भाग दोनदा बघा, एकदा आवाज बंद करून.