ह्यूस्टनच्या शाळा, घरपट्टी आणि चार अब्जांचं ‘नाही’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी मे महिन्यात ह्यूस्टनला पाठवतेय, मुलगी चौथीत आहे, मुलगा अजून बालवाडीत. टेक्ससमध्ये घरपट्टी जबर असते, तिचा मोठा हिस्सा शाळांना जातो आणि तरीही ह्यूस्टनच्या लोकांनी शाळांसाठीचं कर्ज मतदानात उडवून लावलं, असं तुम्ही वाचलंत. मग इथल्या शाळा बुडीत निघाल्यात का? आणि आल्या आल्या घर घ्यावं की भाड्यानं राहावं?

बुडीत वगैरे काही नाही. घर मात्र पहिलं वर्षभर घेऊ नका. का, ते सांगतो. मी सांगलीहून येऊन चौदा वर्षं झाली, थोरला इथल्याच सरकारी शाळेतून बाहेर पडला, धाकटी सातवीत आहे. म्हणजे हा कर मी भरतोय आणि त्याबदल्यात काय मिळतं तेही घरात बघतोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. इथली शाळा महापालिकेची नसते. आपल्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग उचलून त्याची वेगळी संस्था केली, तिला स्वतःची हद्द दिली, लोकांनी निवडलेलं मंडळ दिलं आणि वर कर बसवायचा अधिकारही दिला, तर जे तयार होईल ते स्कूल डिस्ट्रिक्ट. ह्यूस्टन परिसरात असे बरेच आहेत आणि त्यांच्या हद्दी शहराच्या हद्दीला जुमानत नाहीत. पत्त्यात ‘ह्यूस्टन’ असतं आणि शाळा केटी डिस्ट्रिक्टची निघते, पत्त्यात ‘केटी’ असतं आणि शाळा साय-फेअरची. रस्त्याच्या या बाजूला एक कर, त्या बाजूला दुसरा.

आता पैसे. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही. हे ऐकून आपण खूश होतो, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिल येतं. त्यावर ओळी असतात: काउंटी, शहर, सरकारी रुग्णालयांचा डिस्ट्रिक्ट, कम्युनिटी कॉलेज, अगदी बंदराचाही चिमूटभर कर, आणि सगळ्यांत लठ्ठ ओळ शाळेची. ३१ जानेवारीच्या आत भरायचं. समजा चार लाख डॉलरचं घर आहे आणि तुम्ही स्वतः त्यात राहता. होमस्टेड एक्झेम्प्शन म्हणून शाळेच्या करापुरते १ लाख ४० हजार वजा होतात. (२०२३ च्या आधी हे ४० हजार होते, मग एक लाख झाले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मतदारांनी १ लाख ४० हजारांवर नेले.) उरले २ लाख ६० हजार. दर शंभर डॉलरमागे १ डॉलर १० सेंट धरला तर एकट्या शाळेचे २,८६० डॉलर. नवीन वसाहतीत घर घेतलंत तर वर ‘मड’चा कर, म्हणजे पाणी-गटारांसाठी काढलेल्या कर्जाची फेड. एजंट हे सगळ्यांत शेवटी सांगतो, तेही विचारलं तर. भाडेकरू यातून सुटतो असं समजू नका. त्याच्या भाड्यात हे सगळं मुरलेलं असतंच.

माझा गाढवपणाही सांगून टाकतो. होमस्टेड आपोआप लागू होतं असं समजून मी तीन वर्षं अर्जच केला नव्हता. अर्ज फुकट असतो, दोन पानांचा. मागच्या दोन वर्षांचे पैसे परत मिळाले, पहिल्या वर्षाचे गेले ते गेले. ‘शंभर डॉलर द्या, आम्ही अर्ज करून देतो’ अशी सरकारी दिसणारी पत्रं पेटीत येतात, ती सरळ कचऱ्यात टाका.

शाळेच्या या कराला दोन खिसे आहेत, आणि नवीन माणसाचा गोंधळ इथेच होतो. एका खिशातून रोजचा खर्च चालतो: शिक्षकांचे पगार, वीज, बसचं डिझेल. दुसरा खिसा फक्त कर्जफेडीचा. इमारती, बसगाड्या, लॅपटॉप यांसाठी डिस्ट्रिक्ट बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढतो, त्याला मतदारांची मंजुरी लागते, आणि ते पैसे पगाराला वापरता येत नाहीत. म्हणून एकाच डिस्ट्रिक्टात शिक्षक कमी करायची चर्चा चालू असते आणि शेजारी झकपक स्टेडियम उभं राहतं. केटीचं फुटबॉलचं दुसरं स्टेडियम २०१७ मध्ये उघडलं. बारा हजार आसनं, खर्च सात कोटी डॉलरच्या घरात, आणि खेळणार शाळकरी पोरं. डॅलसजवळच्या ॲलन गावानं २०१२ मध्ये सहा कोटींचं बांधलं. दीड वर्षात काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद करावं लागलं आणि २०१५ मध्ये पुन्हा उघडलं. आपल्याकडे नाट्यगृहांचं होतं तसंच. आता निदान २०१९ च्या कायद्यामुळे मोठं स्टेडियम, जलतरण तलाव, संगणक वगैरे मतपत्रिकेवर वेगळे मांडावे लागतात. वर्गखोल्यांच्या पदराआड स्टेडियम लपवता येत नाही.

पहिल्या खिशाची तक्रार वेगळी आहे. राज्य दर विद्यार्थ्यामागे जी मूळ रक्कम धरतं ती २०१९ मध्ये ६,१६० डॉलर ठरली आणि २०२५ पर्यंत तिथेच राहिली. मधे महागाईनं काय केलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०२५ मध्ये तिच्यात भर पडली ती ५५ डॉलरची. शिक्षकांच्या पगारवाढीसाठी वेगळी तरतूद झाली, हे मात्र खरं. कोविडच्या काळात केंद्रानं दिलेली मदतही २०२४ मध्ये संपली. आपली मंडळी ज्याच्या शाळांसाठी जीव टाकतात त्या डॅलसजवळच्या प्लेनो डिस्ट्रिक्टनंसुद्धा २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं. मुलं कमी झाली, की त्यांच्यामागे येणारे पैसेही कमी होतात.

आणि हे पैसे पटावर मोजत नाहीत, हजेरीवर मोजतात. दिवसातल्या एका ठरावीक वेळी, बऱ्याच शाळांत सकाळी दहाच्या सुमारास, वर्गात जेवढी डोकी असतील तेवढीच धरली जातात. म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर ऑफिसातली बाई गोड आवाजात सांगते, हजेरी झाल्यावर घेऊन जा. मूळ रकमेला शाळेच्या दिवसांनी भागलं तर एका मुलाची एक दांडी शाळेला तीसपस्तीस डॉलरला पडते. डिसेंबरात भारतात जाऊन आठवडाभर उशिरा परतायची आपली सवय इथे कुणाच्या तरी हिशेबात दिसते. सलग बरेच दिवस मूल आलं नाही तर नाव पटावरून काढतात आणि परत दाखल करावं लागतं.

आता मुख्य ह्यूस्टन डिस्ट्रिक्ट. राज्यातला सगळ्यांत मोठा, वर्षाचा खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर. मुलं एकेकाळी दोन लाखांहून जास्त होती, आता पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. बहुसंख्य गरीब घरांतली. तरी राज्याच्या हिशेबात हा डिस्ट्रिक्ट कित्येक वर्षं ‘श्रीमंत’ गणला गेला, कारण डाउनटाउनच्या काचेच्या इमारती याच्या हद्दीत आहेत. एका मुलामागे मालमत्ता जास्त असली की जादा कर राज्याकडे वळता करायचा, हा १९९३ चा कायदा. लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात. त्याच्या मागे सॅन अँटोनियोच्या एजवुड या गरीब डिस्ट्रिक्टनं लढलेला खटला आहे, १९८९ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलेला, आणि कायद्याचा हेतू अगदी रास्त आहे. पण २०१६ मध्ये ह्यूस्टनला पहिल्यांदा पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मतदारांनी चक्क नकार दिला. मग राज्य म्हणालं, ठीक, तुमच्या मोठ्या व्यापारी इमारतीच काढून दुसऱ्या डिस्ट्रिक्टला जोडतो. २०१७ च्या मे महिन्यात पुन्हा मतदान झालं आणि लोकांनी निमूटपणे हो म्हटलं.

तुम्ही वाचलंत ते कर्जाचं प्रकरण यानंतरचं. व्हीटली नावाच्या एका हायस्कूलला वर्षानुवर्षं नापासाचा शेरा मिळत गेला. २०१५ च्या कायद्यानुसार अशा वेळी राज्य संपूर्ण डिस्ट्रिक्टचं मंडळ बाजूला करू शकतं. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि जून २०२३ मध्ये निवडून आलेलं मंडळ जाऊन राज्यानं नेमलेलं आलं. आपल्या भाषेत, महापालिकेवर प्रशासक बसला. सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, म्हणून माईक माइल्स आले, जे पूर्वी डॅलसला होते. त्यांनी बऱ्याच शाळांत नवी पद्धत आणली आणि काही ठिकाणी ग्रंथालयांच्या जागी ‘टीम सेंटर’ केलं, जिथे वर्गात दंगा करणाऱ्या मुलांनाही बसवतात. शिक्षक मोठ्या संख्येनं सोडून गेले. दुसरीकडे, २०२५ च्या राज्याच्या श्रेणींत डिस्ट्रिक्टच्या एकाही शाळेला एफ, म्हणजे नापासाचा शेरा, मिळाला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कुणी फक्त एक सांगितली तर तो कुठल्या बाजूचा ते ओळखा.

अशात २०२४ मध्ये याच नेमलेल्या मंडळानं ४.४ अब्ज डॉलरचा बाँड मतदानाला ठेवला. टेक्ससमध्ये एवढा मोठा शाळेचा बाँड आधी कुणी मांडला नव्हता. त्याचे दोन प्रस्ताव होते: ३.९६ अब्ज इमारती, वातानुकूलन, सुरक्षा वगैरेंसाठी, ४४ कोटी तंत्रज्ञानासाठी. कराचा दर वाढणार नाही असं डिस्ट्रिक्टचं म्हणणं होतं.

त्या वर्षी दिवाळी आणि मतदान एकाच आठवड्यात आले होते. शेजारच्या बाईंना फराळाचा डबा द्यायला गेलो तर त्या जेवणाच्या टेबलावर मतपत्रिकेचा नमुना पसरून बसल्या होत्या, हातात पिवळा मार्कर. निवृत्त शिक्षिका आहेत. दोन्ही प्रस्तावांच्या वर ठळक मोठ्या अक्षरांत एकच वाक्य: ‘ही मालमत्ता करातील वाढ आहे.’ मी म्हटलं, दर तर वाढणार नाही म्हणतात. त्या हसल्या. २०१९ पासून प्रत्येक शाळेच्या बाँडवर हे वाक्य छापणं कायद्यानं सक्तीचं आहे, दर वाढो न वाढो. ‘हे वाचून मी नाही म्हणत नाहीये,’ त्या चकलीचा तुकडा मोडत म्हणाल्या. ‘आजवर प्रत्येक बाँडला हो म्हटलंय. पण ज्यांना मी निवडलं नाही आणि काढूही शकत नाही, त्यांच्या हातात तीस वर्षांचं कर्ज देऊ?’ त्यांच्या अंगणात पाटी होती, ‘नो ट्रस्ट, नो बाँड’. रस्त्यावर तशा आणखी पाच-सहा.

५ नोव्हेंबर २०२४ ला दोन्ही प्रस्ताव पडले, विरोधात साधारण ५८ टक्के. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन्ही पक्षांच्या स्थानिक शाखा विरोधात होत्या, शिक्षक संघटनाही. उद्योगपती बाजूनं.

मला मत असतं तर मी हो म्हटलं असतं. सुपरिंटेंडंट येतात-जातात, गळकं छप्पर तिथेच राहतं, आणि आज नाही केलेली दुरुस्ती पाच वर्षांनी स्वस्त होत नाही. शेजारीणबाईंना हे अजिबात पटत नाही. लोकांच्या हातात नाही म्हणायची तेवढी एकच जागा उरली होती, असं त्या म्हणतात. आमचा हा वाद अजून चालू आहे आणि राज्यानं आपला ताबा २०२७ पर्यंत वाढवलाय, तेव्हा तो लवकर मिटायचा नाही.

पण मला मत नाहीच. एच-१बी असो की ग्रीन कार्ड, कर पूर्ण, मत शून्य. तुमचंही पुढची कित्येक वर्षं हेच असेल, त्याची मनाची तयारी ठेवा. बाकी दारं उघडी आहेत. अंदाजपत्रक आणि कराचा दर ठरवण्याआधी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात, नागरिकत्व कुणी विचारत नाही. समोरचे फारसं उत्तर देत नाहीत, कारण अजेंड्यावर नसलेल्या विषयावर त्यांना चर्चाच करता येत नाही. आपल्या माहिती अधिकारासारखा कायदाही आहे, साध्या ईमेलवर खर्चाचे कागद मागता येतात. सांगलीच्या आमच्या घरपट्टीच्या पावतीवर शिक्षण कराची ओळ होती, बाबांनी ती जन्मभर भरली, ते पैसे कुठल्या शाळेत जातात हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून म्हणतो, वर्षभर भाड्यानं राहा. ज्या डिस्ट्रिक्टात घर घ्यायचा विचार आहे त्याच्या एका तरी सुनावणीला मागच्या रांगेत जाऊन बसा. शाळेचं रेटिंग सगळेच बघतात. तुम्ही बघा, मंडळ निवडून आलेलं आहे का, डोक्यावर बाँडचं कर्ज किती, मुलं वाढतायत की घटतायत. वाढत्या उपनगरात शाळा नव्या कोऱ्या असतात आणि कर्जाचा खिसा जड असतो. जुन्या शहरात बहुधा उलट. २०२६-२७ पासून राज्य खासगी शाळांसाठीही पालकांना पैसे द्यायला लागणार, पहिल्या टप्प्याला एक अब्ज डॉलर. त्याचा सरकारी शाळांवर काय परिणाम होतो तेही हळूहळू दिसायला लागेल.

भाडेकरारावर सही करण्याआधी पत्ता ‘हॅरिस सेंट्रल अप्रेझल डिस्ट्रिक्ट’च्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर टाका. (सगळे तिला एचसीएडी म्हणतात.) त्या जागेवर कोणकोण कर लावतं त्याची यादी येते, शाळेचा डिस्ट्रिक्टही त्यातच. तुमचं ऑफिस एनर्जी कॉरिडॉरला, म्हणजे पश्चिमेकडच्या तेल कंपन्यांच्या पट्ट्यात, असेल तर हे नक्की करा. तिथे दोन अपार्टमेंटच्या फाटकांमध्ये एक सिग्नल असतो आणि मुलांच्या शाळा दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टांत.