मराठी माध्यमातून आलेय, कन्नड येत नाही. बेळगावात नर्सिंगचं पहिलं वर्ष कसं निभावू?

आधी वॉर्डापुरतं कन्नड शिक गं. ‘नोवु एल्लिदे?’ म्हणजे दुखतंय कुठं, ‘ऊटा आतेन्री?’ म्हणजे जेवण झालं का. गोकाककडच्या एक आजी मला बीपी बघू देईनात. मोडकंतोडकं ‘ऊटा आतेन्री?’ विचारलं, तशी त्यांनी स्वतःच बाही वर सरकवली.

इंग्रजी संज्ञा रोज पाचच, पण लिहून. सलाईनचं गणित मात्र पक्कं हवंच: ५०० मिली ८ तासांत द्यायचं, सलाईनच्या नळीचा सेट मिलीला २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. नळीत थेंब पडताना दिसतात त्या चेंबरशेजारी घड्याळ धरून मोजायचे. डोसची शंका असेल तर आधी सिस्टरना विचार, ओरडल्या तरी चालेल. आणि नाईटला भाकरी-चटणी बांधून ने, उपाशीपोटी पहाटे हात थरथरतात.