मेल स्पॅममध्ये जातात, म्हणजे मलाच काम येत नाही का?

फ्रीलान्स काम करणारी मुलंमुली माझ्याकडे येतात तेव्हा बोलणं कामापासून सुरू होतं आणि येऊन थांबतं "माझ्यातच काहीतरी कमी आहे" यावर, आणि ईमेल मार्केटिंगवाल्यांमध्ये तर हे फारच दिसतं. अशीच एक मुलगी आली होती (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). साड्यांच्या एका दुकानाचं काम तिने घेतलेलं, दिवाळीच्या ऑफरचे मेल पाठवायचे होते. मेल गेले, पण बहुतेक स्पॅममध्ये, ऑर्डरी आल्या नाहीत आणि दुकानाच्या मालकांनी फोनवर सुनावलं, "मग पैसे कशाचे देतोय तुला?" तेव्हापासून तिची झोप उडाली, मध्यरात्री उठून रिपोर्ट उघडायची, स्वतःच्याच दुसऱ्या अकाउंटवर टेस्ट मेल पाठवून बघायची. "मॅडम, हे काम सोडूनच देऊ का?"

झोप उडालेली असताना असले निर्णय घ्यायचे नसतात. मी म्हटलं, आधी नक्की काय झालं ते बघू.

एका कागदावर तीन रकाने केले. माझ्या हातातलं, काकांच्या हातातलं (मालकांना ती काका म्हणायची) आणि जीमेल-याहूच्या हातातलं. तिने सगळं पहिल्या रकान्यात भरलं! मग एकेक गोष्ट घेऊन बसलो.

दुकानाच्या डोमेनला (वेबसाइट आणि मेल ज्या नावाने चालतात ते) एसपीएफचे, म्हणजे या नावाने कोणत्या सर्व्हरवरून मेल जाऊ शकतात त्या यादीचे, दोन रेकॉर्ड होते, एक वेबसाइटवाल्याने कधीतरी टाकलेला आणि दुसरा मेल पाठवायच्या टूलसाठी नंतर टाकलेला. एसपीएफ रेकॉर्ड एकच लागतो, दोन असले की तपासणी फेल जाते, दोन्हीतला मजकूर एका ओळीत आणावा लागतो. डीकेआयएम (मेल खरंच या डोमेनचा आहे हे दाखवणारी डिजिटल सही) चालू नव्हतं, डीमार्क (तपासणीत फेल गेलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) नव्हतंच. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं आहे, छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी लागतंच.

"डोमेनचा पासवर्ड कोणाकडे आहे?"

"वेबसाइटवाल्याकडे. मी दोनदा मागितला, काका म्हणाले नंतर बघू."

"मग हे तुझ्या रकान्यात कसं आलं?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली, मग स्वतःच खोडून शेजारी लिहिलं.

यादीचंही तेच. प्रदर्शनात वहीत लिहून घेतलेले पत्ते, जुन्या बिलांवरचे पत्ते, त्यातले कित्येक बंद पडलेले, आणि जे चालू होते त्यांना कोणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला मेल पाठवू का. अशी माणसं सरळ स्पॅमचं बटण दाबतात. जीमेल म्हणतं तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे हजार मेलमागे तिघांनी बटण दाबलं तरी तुम्ही त्या रेषेवर आलात.

पण तिचा रकाना रिकामा राहिला नाही आणि तो मी राहू दिलाही नाही. ज्या डोमेनवरून आधी कधी मोठ्या संख्येने मेल गेले नाहीत तिथून एकाच दिवशी सगळ्या यादीला पाठवायचं नसतं, थोडे थोडे वाढवत न्यायचं असतं, हे तिला माहीत होतं. काका म्हणाले दिवाळी आलीय, सगळ्यांना पाठव, आणि हिला वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. मला विचाराल तर खरं दुखणं हे होतं, सेटिंग दुरुस्त करायला फार वेळ लागत नाही.

म्हणून आम्ही सराव केला, मी काका झाले आणि भरपूर घासाघीस केली. आधी ती दर वाक्याला सॉरी म्हणायची, शेवटी असं आलं : "काका, डोमेनचा अॅक्सेस मिळाल्याशिवाय मी पुढचा मेल पाठवणार नाही, पाठवला तर तुमच्याच दुकानाचं नाव खराब होईल. आधी फक्त मागच्या वर्षात खरेदी केलेल्या, मेल चालतील म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना पाठवू." हेच तिने लेखीही दिलं.

रात्रीचे टेस्ट मेल बंद करायला लावले, कारण स्वतःच्या अकाउंटवर आपलेच मेल आपण उघडत असतो, त्यावरून लोकांच्या इनबॉक्सचं काही कळत नाही. ओपन रेटवरही (किती जणांनी मेल उघडला त्या आकड्यावर) जीव टांगायचा नाही, 2021 पासून अॅपलच्या मेल अॅपमधलं प्रायव्हसी सेटिंग माणसाने मेल न उघडताच उघडल्यासारखा दाखवतं. त्यापेक्षा जीमेलवर आपल्या मेलच्या किती तक्रारी होतात ते दाखवणारं गूगलचं पोस्टमास्टर टूल्स सकाळी एकदा बघायचं, बास.

काका आधी चिडले, मग अॅक्सेस दिला. डोमेनची पत सुधारायला वेळ लागतोय, मेल अजून सगळे इनबॉक्समध्ये जात नाहीत, पण ती आता रात्री झोपते आणि नव्या क्लायंटच्या कोटेशनमध्ये डोमेन सेटअप आणि यादी साफ करायचे पैसे वेगळे लावते.