टोक चुकलं म्हणून सिलेक्शन सोडू नका

प्रश्न : आमच्या देवस्थानच्या जत्रेची स्मरणिका मी व्हिम या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करते. व्ही दाबून सात-आठ ओळी धरत खाली येते आणि मग दिसतं, सुरुवातीचा एक शब्द बाहेरच राहिला. एस्केप मारायचं, वर जायचं, पुन्हा पहिल्यापासून. भावाकडे व्हीआयचं, म्हणजे व्हिमच्या आधीच्या प्रोग्रॅमचं, जुनं पुस्तक आहे, त्यात यावर काहीच नाही. उपाय आहे का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : आहे, ताई. एका कळीचा आहे : स्मॉल ओ. सिलेक्शन चालू असताना ओ दाबलात की कर्सर दुसऱ्या टोकाला जातो आणि धरलेला मजकूर तसाच राहतो. समजा वाक्य आहे, ‘देवळाच्या मंडपात काला झाला’ आणि तुम्ही ‘मंडपात’पासून धरलंत. खालच्या टोकावरून ओ दाबा, कर्सर ‘मं’वर येईल. एकदा बी दाबा, ‘देवळाच्या’ आत आलं. पुन्हा ओ, की परत खाली. तिथे एखादी ओळ जास्त आली असेल तर के दाबून ती वगळा.

फोंड्याच्या एका छापखान्यासाठी मी रोज मजकूर लावते. ओइतकी दुसरी कुठलीच कळ माझ्या उपयोगी पडलेली नाही.

पुस्तकाचा दोष नाही. बिल जॉय यांचा व्हीआय १९७६ चा, त्यात असं डोळ्यांसमोर सिलेक्शन नव्हतंच. ते आलं व्हिममध्ये. ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ साली लोकांसमोर आणला.

एस्केप दाबून गेलंच, तर जी आणि व्ही लागोपाठ दाबा. मघाचं सिलेक्शन जसंच्या तसं परत येतं, मग ओ आहेच. देणगीदारांच्या यादीत कंट्रोल-व्हीने रकाना धरला असेल तर कॅपिटल ओ कर्सरला त्याच ओळीतल्या समोरच्या कोपऱ्यावर नेतो.

आणि सात-आठ ओळी खाली उतरत जाताच कशाला? परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ सोडत असाल तर व्ही, ए, पी दाबा, अख्खा परिच्छेद हातात येतो. पुन्हा ए, पी दाबलं की खालचाही. वरचा हवा असेल तर आधी ओ, मग ए, पी.

एक मात्र सांभाळा. मराठी टाइप करून झाल्यावर कळफलक इंग्रजीवर आणल्याशिवाय यातलं काही चालणार नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात व्हीची कळ ‘न’ देते आणि ओची ‘द’. व्हिमला त्या अक्षरांचा अर्थ लागत नाही.