मैत्रीण ‘क’ तुकडीत, मी ‘अ’ तुकडीत

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या शाळेत आठवीच्या वार्षिक परीक्षेच्या गुणांवरून तुकड्या पाडतात. मला सेमीची ‘अ’ तुकडी मिळाली, माझ्या जिवलग मैत्रिणीला मराठी माध्यमाची ‘क’. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसायचो. आता मधल्या सुट्टीत ती तिच्या वर्गातल्या मुलींबरोबर डबा खाते. परवा मला म्हणाली, ‘तू काय, आता हुशारांची.’ आई म्हणते, बरंच झालं, आता चांगल्या मुलींची संगत धर. नव्या वर्गात माझं कुणाशी फारसं जमत नाही. घटक चाचणीत सतरावा नंबर आला, आठवीत मी पहिली-दुसरी असायचे. सरांना सांगून ‘क’मध्ये बदली मागू का? त्याने करिअरचं नुकसान होईल का?

उत्तर : पत्र तू मैत्रिणीबद्दल लिहिलंस, पण सतराव्या नंबराचं वाक्य वाचलं आणि जाणवलं, तुला एकाच वेळी दोन गोष्टी मनाला लागल्या आहेत. त्या वेगळ्या करून बघू.

आधी नंबराचं. आठवीत तुझ्या वर्गात सगळ्या प्रकारची मुलं होती. आता सगळ्या वर्गांतली पहिली-दुसरी येणारी मुलं उचलून एका खोलीत बसवली आहेत. तेवढेच गुण मिळवूनही तू इथे सतरावी येऊ शकतेस. मुलं स्वतःची हुशारी आजूबाजूच्या मुलांवरून मापतात, त्यामुळे हुशारांच्या वर्गात गेलेल्या मुलाला आपण कमी आहोत असं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकातच मांडलं आणि पुढे अनेक देशांत तसंच आढळलं. म्हणून चाचणीचा पेपर काढ आणि नंबर सोडून गुण बघ. कुठल्या प्रश्नाला गेले, का गेले, एवढंच बघ.

आता मैत्रीण. ती दुरावली ती तुझ्या गुणांमुळे असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. या वयातली मैत्री शेजारी बसण्यावर, एका बाईंच्या तासाला हसू दाबण्यावर, ‘आज गृहपाठ काय दिलाय गं’ यावर चालते. शाळेने वेळापत्रक बदललं आणि हे सगळं एका दिवसात काढून घेतलं. वर तिच्या वर्गावर ‘क’ हे अक्षर लावलं. ‘तू काय, आता हुशारांची’ हे तिचं बोलणं मला टोमणा वाटत नाही. शाळेने तिला जे सांगितलं, तेच ती तुला ऐकवते आहे, आणि तू ते खोडून काढावंस असं तिला आतून वाटत असणार.

ते कसं खोडायचं? तिला शिकवायला जाऊ नकोस. चांगल्या मनाच्या मुली नेमकं हेच करतात. ‘अ’वालीने ‘क’वालीची शिकवणी घेतली की ते अक्षर आणखी पक्कं होतं. त्याऐवजी एकत्र बसून गणितं सोडवा. तुझं पुस्तक इंग्रजीत, तिचं मराठीत, पण दोन्ही बालभारतीचीच आहेत. तिच्या पुस्तकातला ‘बहुपदी’चा सराव संच ३.१ आणि तुझ्या पुस्तकातला ‘पॉलिनोमियल्स’चा प्रॅक्टिस सेट ३.१ शेजारी ठेवून बघा, उदाहरणं तीच आहेत. तुला इंग्रजी शब्दाने अडलेली व्याख्या तिच्या मराठी पुस्तकात चटकन कळेल. सेमीत नव्याने गेलेल्या कितीतरी मुलांचं घोडं गणितात अडत नाही, भाषेत अडतं. म्हणजे इथे मदत तुला तिच्याकडून लागणार आहे, आणि ती तू खरोखर मागायला हवीस. ‘माझा सतरावा नंबर आला, मला वाईट वाटतंय’ हेही आधी तिलाच सांग. तिला ते माहीत नसेल. तिच्या दृष्टीने तू तिकडे मजेत आहेस.

वेळ मात्र ठरवूनच घ्यावी लागेल. पूर्वी ती आपोआप मिळायची. शनिवारी शाळा सुटल्यावरचा तास, किंवा येता-जाता एकत्र सायकल, जे जमेल ते. आणि शाळेत जिथे तुकडी विचारत नाहीत तिथे दोघी नाव द्या : कबड्डीचा संघ, स्नेहसंमेलनातलं नाटक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची चित्रकला. मधल्या सुट्टीत ती नव्या मुलींबरोबर बसते याचा राग धरू नकोस. तू जाऊन त्यांच्यात बस. तुझ्या वर्गातही एखादी मुलगी एकटीच डबा खात असेल, तिलाही बोलव.

हा भाग आईला वाचायला दे. ताई, संगतीचा परिणाम होतो हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण संगत चांगली की वाईट हे मुलीच्या वागण्यावरून ठरवा, वर्गाच्या दारावरच्या अक्षरावरून नको. जी मुलगी पाचवीपासून तुमच्या घरी येते, ती एका वार्षिक परीक्षेनंतर वाईट संगत कशी झाली? दहावीच्या गुणपत्रिकेवर तुकडी छापलेली नसते. सेमीच्या आणि मराठी माध्यमाच्या मुलांना गणिताचे प्रश्न तेच असतात, फक्त भाषा वेगळी. सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाचांचे गुण धरले जातात आणि त्यात मराठीचे १०० गुण गणिताच्या १००इतकेच मोजले जातात. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश त्याच टक्क्यांवर होतो. नव्या वर्गात रुळत नसलेल्या मुलीची जुनी मैत्रीणही सुटली, तर अभ्यासावर परिणाम होईल तो त्याचा होईल.

शाळेबद्दलही बोलायला हवं. गुणांवर तुकड्या पाडल्या की शिकवणं सोपं जातं, असं शाळा सांगतात. गणिताच्या तासापुरतं ते मी मान्य करेन. पण डबा, खेळ, चित्रकला, सगळंच का वेगळं करायचं? सिंगापूरमध्ये माध्यमिक शाळेत मुलांचे गुणांवरून तीन प्रवाह पाडत. २०२४ला माध्यमिकमध्ये आलेल्या मुलांपासून ते बंद झाले. आता मुलं मिश्र वर्गात बसतात, गणित-इंग्रजीसारख्या विषयांच्या तासाला आपापल्या पातळीच्या गटात जातात आणि चित्रकला, संगीत, पीटी एकत्र करतात. पालकसभेत हा मुद्दा जरूर मांडा. निदान ऑफ तास आणि खेळाचे तास दोन तुकड्यांना मिळून द्या, एवढं मुख्याध्यापकांना सहज करता येईल.

राहिली बदली. मैत्रीसाठी मागू नकोस. दोन वर्षांनी अकरावीला ती कदाचित कॉमर्सला जाईल, तू सायन्सला, किंवा उलट. तेव्हा बदली मागायला कुणी नसेल, आणि तिच्यामागे शाखा निवडणं तर अजिबात नको. पण पहिलं सत्र संपेपर्यंत मनापासून प्रयत्न करूनही इंग्रजीतलं गणित-विज्ञान डोक्यावरून जात असेल, तर त्या कारणासाठी जरूर माग. वर्गशिक्षकांशी दिवाळीच्या सुट्टीआधी बोल आणि तुझे तपासलेले पेपर सोबत ने. नववीत माध्यम बदलून सावरायला वेळ मिळतो, दहावी सुरू झाल्यावर ते फार जड जातं.